घाटाच्या पायऱ्या किती?

परक्या गावात चार मराठी माणसं भेटली की पाचव्या दिवशी मंडळ निघतं, सहाव्या दिवशी मंडळात भांडण होतं आणि सातव्या दिवसापासून किस्से सुरू होतात. आमच्या कलकत्त्याच्या मंडळाला ना गणपती होता, ना नाटक, ना अध्यक्ष. होत्या त्या फक्त पायऱ्या! त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. पण किस्से साठायचे ते साठलेच. त्यातून माझं आडनाव साठे, तेव्हा ते माझ्याकडेच साठले.

अजूनही कुणाच्या लग्नात जुनी कलकत्तेकर मंडळी भेटली की म्हणतात, "अरे, तो घाटाचा किस्सा सांग ना!" मी सांगतो. एक सांगतो, दोन सांगतो, मंडळी हसतात, तेवढ्यात पानं वाढली जातात आणि मी सुटतो. दर वेळी शेवटचा एक राहून जातो. खरं सांगायचं तर तो मी राहू देतो.

*

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. माझी बदली खिदिरपूरला गोदीच्या कचेरीत झाली आणि मी बालीगंजमध्ये एक खोली घेऊन राहिलो. वर्षभर संदेश आणि रसगुल्ले खाल्ल्यावर कोटाची बटणं लागेनात. बंगाली डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "चढाव चढत जा. रोज."

आता कलकत्त्यात चढाव कुठून आणायचा? सगळं शहर पोळपाटासारखं सपाट! मी जोशीला विचारलं. जोशी माझ्या शेजारच्या गल्लीत राहायचा, बँकेत ऑफिसर होता. तो म्हणाला, "कलकत्त्यात चढतात त्या दोनच गोष्टी. माशांचे भाव आणि हुगळीचं पाणी!"

शेवटी हुगळीवरचा एक घाट सापडला. वर खांबांचा जुना मंडप आणि तिथून थेट नदीत उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या. पहाटेची पहिली ट्राम पकडायची, मैदान पायी ओलांडायचं, पाण्यापर्यंत तीनदा उतरायचं, तीनदा चढायचं, वर बसून नदी बघायची आणि ऑफिस गाठायचं. जोशीही यायला लागला.

मात्र मंडपाच्या बाजूला एक कचोरीवाला बसायचा, आणि त्याच्या शेजारी जिलबीवाला. जोशी एकदा चढला की दोन कचोऱ्या खायचा. तीनदा चढला की सहा! दोन महिन्यांनी त्याचं वजन पाच पौंडांनी वाढलं, तेव्हा तो डॉक्टरांनाच जाऊन म्हणाला, "तुम्ही चढायला सांगितलंत. चढलं!"

*

जोशीकडे कामाला एक बंगाली बाई होती. एकदा सांगलीहून जोशीच्या सासूबाई यायच्या होत्या. त्यांची तार पोचायच्या आधी त्याच पोचल्या. सकाळचे सहा. जोशीची बायको न्हाणीघरात. दार त्या बाईनं उघडलं. सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू कुठायत?"

बाई म्हणाली, "बाबू घाटे गेछेन."

म्हणजे बाबू घाटावर गेलेत. पण सांगलीच्या बाईला पहाटे सहा वाजता जावई घाटावर गेला म्हणजे काय कळणार? माणूस एकदाच जातो त्या घाटावर! सासूबाईंनी तिथेच जिन्यात ट्रंकेवर बैठक मारली आणि हंबरडा फोडला. तीन मजले गोळा झाले. बंगाली बायकाही त्यांच्या गळ्यात गळे घालून रडायला लागल्या. कुणासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि जोशी आला शीळ वाजवत, हातात जिलबीचा पुडा!

सासूबाईंनी डोळे पुसले. जावयाला खालून वर नीट न्याहाळलं. आनंद वगैरे काही नाही. म्हणाल्या, "ते असू दे. मी एकदा रडले म्हणजे रडले! आता आंघोळ केल्याशिवाय मी घरात पाऊल टाकणार नाही."

आणि खरोखर अंगणातल्या नळावर डोक्यावरून आंघोळ करूनच त्या आत गेल्या.

तेव्हापासून आमच्यात कुणाला उशीर झाला की दुसरा म्हणायचा, "बाबू घाटे गेछेन!" आणि आम्ही खो खो हसायचो. किती हसायचो, ते आठवलं की आता नको वाटतं.

*

मग आपटे मास्तर आले.

पुण्याच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. पत्नी वारलेल्या. मुलगा वसंत केंद्र सरकारच्या नोकरीत, त्याची बदली कलकत्त्याला झाली म्हणून मास्तरही बालीगंजला आले. तीस वर्षं ते रोज पर्वती चढत होते. कलकत्त्यात आल्यावर आठ दिवसांत त्यांचे गुडघे धरले आणि मिजाज बिघडला. वसंतानं त्यांना आमच्या स्वाधीन केलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. हातात काठी. पहिल्या दिवशी मी त्यांना धरून खाली नेलं, काठी पाण्यात चुबुक वाजली तसे ते थांबले, वळले आणि वर चढून आले. मंडपात बसून म्हणाले, "अहो साठे, याला घाट म्हणता तुम्ही? आमचा खंडाळ्याचा घाट आधी चढायचा आणि मग उतरायचा. तुमचा आधी उतरायचा आणि मग चढायचा! म्हणजे हा घाट उणे चिन्हाचा झाला."

आमच्यात कुमुदताई म्हणून एक होत्या. जन्म कलकत्त्याचा, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या उतरत नसत, वर मंडपात थर्मास घेऊन बसत. मराठी घरचंच, पण मध्येच बंगाली वळण लागायचं. त्यांनी विचारलं, "मास्तर, चहा खाणार?"

मास्तर म्हणाले, "इथे चहा खातात? मग जिलबी पीत असाल!"

"मी पितो," जोशी पुडा सोडत म्हणाला.

कुमुदताईंनी मास्तरांना लगेच कामाला लावलं. कलकत्त्यातल्या मराठी घरांतली मुलं मोजायची बंगालीत आणि भांडायची हिंदीत. त्यांच्यासाठी दर रविवारी मास्तरांचा वर्ग सुरू झाला. पाढे आणि मराठी. पहिल्याच रविवारी एका मुलीनं एकोणतीसचा पाढा ऐकला आणि शाबासकी दिली, "मास्तर, तुमचं मराठी खूप भालो आहे!"

मास्तर आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होते. पगारवाढ झाल्यासारखा चेहरा!

*

व्यायाम झाला की मास्तर मंडपात माझ्या शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "हं साठे, काय काय दिसतंय?"

मग मी सांगायचो. गवताची नाव चालली आहे. एक पहिलवान अंगाला तेल लावून घेतोय. डावीकडे आगबोट, तिला पिवळं धुराडं. समोर गिरण्यांच्या चिमण्या, उजवीकडे लांब हावड्याचा पूल. मास्तर मान हलवत ऐकायचे आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचे.

"डोंगर?"

"नाही मास्तर."

"अख्ख्या गावात एक टेकाड नसावं म्हणजे काय!" असं म्हणून ते उठायचे.

एका सकाळी त्यांच्या तोंडून तो 'डोंगर?' इतका बारीक आला की माझ्यानं राहवेना. पैलतीरावर गिरणीच्या आवारात दगडी कोळशाचा ढीग होता. धुक्यात तो निळसर दिसत होता. मी म्हटलं, "आहे मास्तर. लहानसा. आज हवा स्वच्छ आहे म्हणून दिसला."

"माथ्यावर झाड?"

"एक आहे."

मास्तरांनी घरी जाऊन पुण्याला बहिणीला पत्र घातलं, की इथे डोंगरही आहे. मला रोज डोंगर दाखवावा लागला. महिन्याभरानं गिरणीवाल्यांनी ढीग जाळून संपवला. मास्तरांनी विचारलं, "आज डोंगर?"

"धुक्यात गेलाय, मास्तर."

कुमुदताई माझ्या कपात चहा ओतता ओतता हळूच म्हणाल्या, "तुमचं धुकं बरंच टिकतं हो, साठे."

हे खोटं मी आजही मागे घेणार नाही. मागे घ्यायचं आहे ते दुसरंच.

*

मास्तर पायऱ्या मोजायचे. पर्वतीवर तीस वर्षं मोजल्या, त्या एकदाही कमी-जास्त झाल्या नाहीत, असं अभिमानानं सांगायचे. इथेही पहिल्या दिवशी वरून मोजत गेले. चव्वेचाळिसाव्या पायरीवर काठी पाण्यात चुबुक वाजली. "चव्वेचाळीस," मास्तर म्हणाले आणि विषय संपला.

दोन-तीन दिवसांनी ते खालून येता येता थांबले. "साठे, एक्केचाळीसच झाल्या. आहेत किती?"

आता हुगळी म्हणजे काही आपली मुठा नव्हे. समुद्र कितीतरी मैल लांब असला तरी त्याची भरती थेट कलकत्त्यापर्यंत चढते. भरतीला दहा-दहा पायऱ्या पाण्याखाली जातात, ओहोटीला पुन्हा उघड्या पडतात, आणि वेळ रोज पुढे सरकते. कलकत्त्याच्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. माझ्या तर टेबलामागच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच टांगलेलं होतं. पण पुण्याच्या माणसाला नदी चढते ती पावसाळ्यात, एवढंच माहीत. आणि पाणी कुठवर आलंय ते बघायला मास्तरांना डोळे नव्हते.

मी तोंड उघडणार तेवढ्यात जोशीनं मला डोळा मारला.

"चव्वेचाळीस, मास्तर," मी म्हटलं.

गणिताचा मास्तर मोजायला चुकला! याहून मोठी गंमत आम्हाला सुचणं शक्य नव्हतं. दोन दिवसांनी सांगू असं ठरलं. दोन दिवसांनी सदतीस झाल्या. "चव्वेचाळीस, मास्तर!" आठवड्यानं अडतीस. "आम्ही दोघांनी मोजल्या की! चव्वेचाळीस." आधी मास्तर हसायचे, "म्हातारपण, दुसरं काय!" मग मोठ्यांदा मोजायला लागले. मग बोलणं कमी झालं. काय काय दिसतंय हेही ते विचारीनासे झाले. हे माझ्या लक्षात आलं होतं. आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मग एका सकाळी त्यांनी उजव्या खिशात चिंचोके भरून आणले. त्या दिवशी कुमुदताई आल्या नव्हत्या. पायरी उतरली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. वर येऊन मंडपात बसले, डावा खिसा मांडीवर रिकामा केला आणि बोटांनी चाचपत मोजले.

एकोणचाळीस!

"साठे," मास्तर म्हणाले, "आता माझे चिंचोकेसुद्धा चुकायला लागले हो."

परतताना त्यांना घरी सोडलं आणि पुढच्या ट्राममध्ये मी आणि जोशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

*

त्यानंतर मास्तर घाटावर आले नाहीत. थंडी फार आहे, असा वसंतानं निरोप दिला.

रविवारी संध्याकाळी कुमुदताई माझ्या खोलीवर आल्या. त्या कधी येत नसत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मास्तरांनी वर्ग बंद केला."

वर्गात सतराचा पाढा म्हणताना मास्तर मध्येच थांबले होते. चुकले नव्हते, नुसते थांबले होते. मुलांना म्हणाले, "पुस्तकात बघून घ्या रे, माझ्यावर विसंबू नका." मग मुलांना घरी पाठवलं. त्यांचे थोरले भाऊ शेवटी पोटच्या मुलाचं नाव विसरले होते, आता तेच आपल्याला लागलं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. संक्रांतीनंतर डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यालाही नाही म्हणाले. वसंतानं हात जोडले, तर त्याला म्हणाले, "डोकंच चाललं, तर डोळे घेऊन काय करू?"

"आणि सारखे पुटपुटत असतात," कुमुदताई म्हणाल्या. "चव्वेचाळीस, चव्वेचाळीस. हे काय आहे, साठे?"

मी सांगितलं. कुमुदताई वर बसत असल्यामुळे त्यांना आमची गंमत ठाऊकच नव्हती.

"मी जाऊन सांगितलं तर ती चुगली होईल," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तर माफी होईल. आत्ता जा."

आत्ता? वसंत घरी असणार, सूनबाई असणार, त्यांच्यासमोर काय म्हणू? मला एकदम संक्रांत आठवली. चार दिवसांवर आली होती. तिळगूळ हातावर ठेवायचा आणि सांगून टाकायचं. त्या दिवशी मास्तर रागावतील कसे? गोडच बोलावं लागेल! मी कुमुदताईंना म्हटलं, "संक्रांतीला नक्की सांगतो. चार दिवसांत काय बिघडतंय?"

आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख वाक्यं बोललो आहे. पण हे एक वाक्य मला परत मिळालं तर बाकीची सगळी राहू देत, असं वाटतं.

कुमुदताई म्हणाल्या, "लाडू मी करून देते." आणि जिना उतरून गेल्या.

*

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात बसून भरती-ओहोटीचं कोष्टक मोठ्या कागदावर उतरवून काढलं. एकेक आकडा बोटभर उंच, म्हणजे मास्तरांना भिंगातून दिसावा. वर ठळक लिहिलं, 'मास्तर बरोबर, नदी चूक.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. वाचून मास्तर कसे हसतील, ते मी मनातल्या मनात दहा वेळा पाहिलं.

सकाळी नवा सदरा घातला. कुमुदताईंनी खजुराच्या गुळाचे तिळाचे लाडू डब्यात भरून पाठवले होते. डबा आणि कागद घेऊन सात वाजायच्या आत वसंताच्या घरी गेलो. दाराला कुलूप.

खालच्या मजल्यावरचे वृद्ध बंगाली गृहस्थ फाटकाशी उभे होते. माझ्या हातातला डबा बघून ते हळू आवाजात म्हणाले, "मास्टारमोशायके घाटे निये गेछे."

मास्तरांना घाटावर नेलंय! मला इतका आनंद झाला म्हणता! नेलंय म्हणजे वसंतानंच हात धरून नेलं असणार, त्यांना एकट्याला थोडंच जाता येतं? सणाचा दिवस म्हणून सूनबाईही गेली असेल. म्हणजे मास्तर सावरले, पुन्हा पायऱ्या मोजायला निघाले. आणि सांगायला घाटापेक्षा चांगली जागा कुठली? पाण्यात बोट घालूनच दाखवता येईल!

मी हसून "भालो, भालो!" म्हटलं. ते गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. मी ट्रामकडे धावत सुटलो.

घाटावर संक्रांतीच्या स्नानाची ही गर्दी! मी मंडपात पाहिलं, पायऱ्यांवर पाहिलं, पांढरी टोपी दिसली की पुढे जाऊन तोंड बघून आलो. मास्तर नव्हते. म्हटलं, वसंत त्यांना सावकाश आणत असेल, गर्दीची ट्राम सोडून दिली असेल. वाट बघता बघता हाताला काम म्हणून पायऱ्या मोजल्या. ओहोटी लागली होती. साडेसातला चौतीस. कागदाच्या मागे लिहून ठेवलं. साडेआठला एकोणचाळीस. तेही लिहिलं. पुरावा हवाच, गणिताच्या माणसासमोर नुसत्या तोंडच्या गोष्टी चालत नाहीत. नवाच्या पुढे पुन्हा उतरलो, गर्दीतून वाट काढत एकेक पायरी नीट मोजली आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलो.

"साठे!"

वर जोशी उभा होता. अनवाणी, अंगावर ओलं धोतर, केस निथळत होते. कचोरीवाल्याकडे त्यानं पाहिलंही नाही. तो पायऱ्या उतरत माझ्यापर्यंत आला, त्यानं माझ्या मांडीवरचा डबा पाहिला, कागद पाहिला.

"अरे, सगळे विचारत होते, साठे कुठाय," तो म्हणाला. "तुझ्या खोलीवर जाऊन आलो. तू कुठल्या घाटावर बसलायस?"

मी कागदाची मागची बाजू वर केली. शेवटचा आकडा नुकताच लिहिला होता.

चव्वेचाळीस.